तारेवरची सातवी जागा

करुणा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात शेंगा निवडत बसले होते. फोन उज्ज्वलाचा. करुणा कॉलेजात शिकवायची, तिच्या हाताखाली शिकणारी ही पोरगी. "मावशी, मॅडम गेल्या," एवढंच बोलली आणि रडायला लागली. छातीत दुखतंय म्हणून नांदेडला नेलं होतं, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. वय म्हणाल तर पंचेचाळीससुद्धा नाही. आता खरं सांगते, लाज सोडून सांगते... माझ्या मनात पहिला विचार आला तो तिच्या म्हाताऱ्या आईचा नाही, तिच्या लेकराचा नाही. मनात आलं, तिची वही आता कुणाच्या हाती लागंल? शेंगा सुपात तशाच राहिल्या. गेलेल्या माणसासाठी रडायच्या आधी मी स्वतःसाठी भ्याले. सव्वा महिना झाला, ही गोष्ट मला आतून खाऊन राहिली आहे. म्हणून लिहायला बसले.

मी शाळेत गेलेली बाई नाही. नातवंडांची उजळणी ऐकता ऐकता, त्यांच्या पाटीवर बोट फिरवत अक्षरं शिकले, आणि पेपरची पुरवणी आली की जाहिरातीसकट वाचते. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. करुणा पहिल्यांदा आमच्या कुरुंद्याच्या शिवारात आली ती हळदीच्या हंगामात, खांद्याला पिशवी आणि हातात वही घेऊन. आम्ही बाया उकरलेल्या हळदीचे गड्डे मोडून हळकुंडं वेगळी करत होतो. एकीनं विचारलं, "काय बाई, सर्वे करून राहिल्या का? घरकुलाचं नाव घाला की माझं!" सगळ्या हसल्या. करुणाही हसली, वही पिशवीत घातली आणि आमच्यात बसून गड्डे मोडायला लागली. तीन दिवस तिनं वही काढलीच नाही. चौथ्या दिवशी तिची नखं आमच्यासारखी पिवळी झाली तेव्हा मीच म्हटलं, "काढ बाई आता तुझी वही. तुझंबी काम होऊ दे."

हळदीच्या कामातल्या बायांवर तिचा अभ्यास होता. त्यातलं जे सापडलं ते पंधरा मिनिटांत मोठमोठ्या शिकलेल्या लोकांपुढं उभं राहून सांगायचं, त्याला परिषदेत पेपर वाचणं म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. पण तिचा एक नेम होता. परिषदेच्या आधी तो पेपर ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यापुढं सांगायचा. त्या कोण, तर आम्ही. म्हणून तिची पहिली परिषद माझ्या अंगणात व्हायची. परिषदेत पडद्यावर दाखवायची पानं ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या खडूनं लिहून आणायची आणि माझ्या कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमटे लावून ओळीनं टांगायची. आठ पानं, सोळा चिमटे. ताट-चमचा माझ्या हातात. बारा मिनिटं झाली की एकदा वाजवायचं, पंधरा झाली की दोनदा. पहिल्या खेपेला मी दोनदा वाजवलं तर शेजारची धुरपता पदर सावरत पळत आली, "कोण बाळंत झालं गं? पोरगं का पोरगी?" करुणा म्हणाली, "काकू, पेपर झाला. सुखरूप हाय."

पहिल्यांदा पेपर वाचणाऱ्या पोरींनाही ती घेऊन यायची. उज्ज्वला अशीच आली होती. ओढणीचं टोक बोटाला इतकं आवळलं होतं की बोट निळं पडलं. करुणा तिला सांगायची आणि मी ऐकत राहायचे. कागद वाचून दाखवायचा नाही, वाचायचाच असता तर त्यांनी घरी बसून वाचला असता. पहिल्या रांगेतल्या साहेबाशी बोलायचं नाही, मागं जो पेंगतोय त्याच्याशी बोलायचं. एका पानावर एकच गोष्ट. आधी काय पाहिलं ते सांगायचं, मग तुला काय वाटलं ते. उत्तर येत नसलं तर माहीत नाही म्हणायचं, त्यानं कुणी मरत नाही. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "दुसऱ्याचं जे आहे ते विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मग पेपर पडला तरी चालंल." हे शेवटचं मला तेव्हा नुसतं बोलण्यापुरतं वाटलं. आता वाटतं, ते मी कान देऊन ऐकायला पाहिजे होतं.

आता ती गोष्ट. हळद कढईत शिजली की नाही हे काडी टोचून बघायचं काम आमच्या भागात पंचवीस वर्षं माझं होतं. कमी शिजली तर वाळताना दगड, जास्त शिजली तर रंग गेला. माझ्या काडीशिवाय कढईवर झाकलेलं पोतं उघडत नसत. "गयाबाईच्या हातची हळद," असं म्हणून लोक लग्नाला, देवाला मागून नेत. आणि आमच्याकडं असं मानतात की बाईच्या त्या चार दिवसांत तिची सावलीही कढईवर पडू नये, हळद नासते. सगळ्या बाया हे मानतात, मीही तोंडानं मानत होते. पण चार दिवस मी घरी बसले तर काडी कोण टोचणार? मी जात होते. पंचवीस वर्षं, एकही हंगाम न चुकवता, कुणाला कळू न देता जात होते. एकही कढई नासली नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, दोन दिवस कागद फळीवर तसाच पडून होता.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला तर नाहीच. करुणाला सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही... ती शेजारी बसून राखेत काडीनं रेघोट्या ओढत होती, काही विचारत नव्हती, म्हणून असेल. तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मावशी, हे मी लिहू का?" मी म्हटलं, "लिही. नाव नको घालू." ती म्हणाली, "बाकीच्या बाया नेम सांगतात, नेम मोडल्याचं सांगणाऱ्या तुम्ही एकट्या. माझा सगळा पेपर याच्यावर उभा राहतो."

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं अंगणात पानं टांगली. सहा पानं मी मान डोलवत ऐकली. सातव्यावर नजर गेली आणि ताट हातातून निसटलं. माझं बोलणं, एवढ्या मोठ्या निळ्या अक्षरात, उघड्यावर, वाऱ्यानं हलत होतं. मला वाटलं, धुरपता आता येते, मग गल्ली येते, मग गाव येतं.

"काढ ते," मी म्हटलं.

"मावशी, नाव न्हाई टाकलं कुठं."

"अगं, नाव काहून लागतंय? काडी टोचणाऱ्या बाया किती आहेत इथं? अन् आता ते काम माझी सून करते. उद्या तिला कुणी कढईजवळ उभं करंल का? ज्यांच्या लग्नात माझी हळद लागली ते काय म्हणतील?"

सकाळच्या गाडीनं तिला निघायचं होतं. मी बोलून बसले होते. वाटलं, आता समजूत घालंल, पाया पडंल, नाहीतर चिडंल. तिनं काहीच केलं नाही. दोन चिमटे काढले, पान उतरवलं, चार घड्या घालून माझ्या हातात दिलं. "हे तुमचं, तुमच्याकडंच ठेवा." मी आठवं पान सरकवून त्या जागी लावायला गेले तर म्हणाली, "राहू द्या मावशी. जागा रिकामी दिसली पाहिजे. न्हाई ते आहे म्हणून दाखवायचं न्हाई, अन् आहे ते न्हाई म्हणूनबी दाखवायचं न्हाई." आणि तिनं तशीच, मधल्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवून, सगळी तालीम पुरी केली. बारा मिनिटांना ताट वाजवायला मी विसरले.

परत आल्यावर तिनं मला फोन केला. "छान झालं मावशी, वेळेत संपलं." मला वाटलं, सुटले. त्यानंतर ती दोनदा येऊन गेली, लिंबाचं लोणचं घेऊन गेली, त्या पानाचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

खरं काय झालं ते मला हिंगोलीला तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कळलं. बुद्धवंदना झाली, लोक उठले, आणि उज्ज्वला माझ्याजवळ येऊन बसली. ती त्या परिषदेला करुणासोबत होती. करुणानं सातव्या जागी कोरा पडदा दाखवला आणि म्हणाली, इथं एक गोष्ट आहे, ती सांगायची मला परवानगी नाही. सभागृहात हशा झाला. समोर बसलेले अध्यक्ष म्हणाले, "बाई, परवानगी घेऊन या आणि मग निष्कर्ष काढा." नंतर छापायला पाठवलेला पेपरही पुरावा अपुरा म्हणून परत आला. दोनदा. "मॅडम कुणावर चिडल्या न्हाईत मावशी. मी म्हटलं, कुणाचं आहे ते तरी सांगा, मी जाऊन विचारते. तर म्हणाल्या, विचारायचं न्हाई. विचारलं की माणसाला हो म्हणावं लागतं."

मग उज्ज्वलानं पिशवीतून वही काढली. तीच वही. तिनं पानं उलटली, मी तिला सांगितलं त्या हंगामाच्या तारखा आल्या, आणि मधलं एक पान फाडून टाकलेलं. पुढच्या पानावर बारीक अक्षरात एवढंच: मावशीचं, मावशीकडं.

ज्या वहीला मी भ्याले, त्या वहीत मी नव्हतेच.

येत्या परिषदेत मॅडमचा पेपर मॅडमच्या नावानं उज्ज्वला वाचणार आहे. परिषदेचे लोक तयार झाले आहेत. तिनं माझ्याकडं काहीच मागितलं नाही, तिनंही तोच नेम पाळला. नुसतं म्हणाली, "तालीम तुमच्या अंगणात करू ना, मावशी? ताट तुम्हीच वाजवा."

परतीच्या बसमध्ये औंढ्यापासून मी पदराचं टोक चावत होते. मी आता सत्तरीला आले, मला कोण काय म्हणणार? पण सून सुमन? काडी आता तिच्या हातात आहे. माझं उघडं पडलं तर बोट तिच्याकडं जाणार. घरी आले, कपड्यांच्या ट्रंकेच्या तळातून ते सातवं पान काढलं आणि सुमनपुढं ठेवलं. ती चुलीपुढून उठली, हात पुसले, उभ्यानं वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं.

"आत्या," ती म्हणाली, "हे तुमी येवढ्या दिवस पेटीत काहून ठेवलं?"

"तुझ्यासाठी."

भाकरीला काळा डाग पडला, तिनं ती उलटलीही नाही. मग तिनं मला तिचं स्वतःचं एक सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे, आणि मी तिला विचारलेलं नाही.

परवा उज्ज्वला येऊन गेली. पानं तिनं नवी लिहून आणली होती, सातवं सोडून. ते जुनंच लावलं, घड्यांच्या रेघा पडलेलं, निळा रंग थोडा उडालेला. खाली माझं नाव मी माझ्या हातानं लिहिलं, अक्षर वाकडं आलं. सुमन चिमटे घेऊन आली. हे मी रविवारच्या ज्या पुरवणीला पाठवतेय ती इथं हाटेलावर येते, ग्रामपंचायतीत येते, धुरपताचा नातू तिला वाचून दाखवतो... तेव्हा रविवारी काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणायला मी शिकले आहे. दोनदा ताट वाजलं, उज्ज्वला अर्ध्या वाक्यावर थांबली, पानं उतरवून घेऊन गेली. संध्याकाळी कपडे काढायला गेले तर बघते, सुमननं तारेवर आठव्या जागेच्या पुढं दोन चिमटे लावून ठेवले होते, मधे पानभर जागा सोडून. मी ते काढले नाहीत.