चण्याच्या पिशवीवरचे ग्रीक

नातीने पतंग चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, आणि त्या वासाने मी बुवापाड्यातल्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन पोहोचलो.

बाबांचा कारखाना बंद पडला होता. आई रद्दीच्या पिशव्या चिकटवायची, त्यावर घर चालायचं. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय तत्त्वज्ञान. सरांच्या जुन्या पुस्तकातलं एक प्रकरण सुटं झालं होतं: पश्चिम युरोप विसरला ते ग्रीक विचार अरबी पंडितांनी भाषांतरं करून, त्यावर भाष्यं लिहून कसे जपले. परीक्षा तोंडावर होती. संध्याकाळी घरी आलो, तर ती पानं गायब.

"सुटी पानं होती रे, मला रद्दीच वाटली. दुपारीच चणेवाल्याकडे पोहोचवल्या पिशव्या," आई म्हणाली. हात अजून खळीने माखलेले होते. तिच्यावर चिडणार तरी कसा?

जवळच्या निर्वासित वसाहतीत, कॅम्प दोनच्या त्या सिंधी चणेवाल्याकडे धावलो. "शेठ, त्या पिशव्या वाचायच्यात."

"पढ ना भाई, लेकिन चना मत गिराना," तो हसला.

अर्ध्या विकल्या गेल्या होत्या. उरलेल्यांची चिकटलेली बाजू उकलायला गेलं की कागद फाटायचा. बाहेरून दिसत होतं तेवढं मी तिथेच उभ्याने वाचून काढलं.

तेव्हा फक्त परीक्षा दिसत होती. आज वाटतं, त्या पंडितांच्या हातीही असंच फाटकंतुटकं आलं असेल. आलं तेवढं त्यांनी वाचलं, मधलं आपल्या बुद्धीने जोडलं. पेपरात मीही तेच केलं.

त्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला.