सोमवारी झटका का येत नव्हता

पांढऱ्या पॉमेरेनियनचं ते हातभर अंग आणि त्याचे ताठ झालेले चार पाय अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. माणसांची नावं सांगणार नाही. कुत्र्याचं सांगायला हरकत नाही. त्याचं नाव कापूस.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस दूरक्षेत्राचा, म्हणजे ठाण्याखालच्या छोट्या चौकीचा, मी तेव्हा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती होऊन परीक्षा देत देत उपनिरीक्षक झालेला माणूस. त्याआधी डोक्यावर पाटी घेऊन मासे विकलेले. त्यामुळे घासाघीस मला चांगली जमायची आणि राग नाकावर असायचा. दोन्ही गोष्टी या प्रकरणात आल्या.

पंचाहत्तरीची एक विधवा आजी बाजाराच्या पिशवीत कुत्रा घालून दूरक्षेत्रात यायची. "साहेबानू, माज्या कापसाक परत झटको इलो. त्या शेजाऱ्यानच कायतरी घातल्यान." शेजारी टेम्पोवाला. त्याचा आणि तिचा घरामागच्या वाटेवरून जुना वाद. मी अदखलपात्र नोंद करून तिला वाटेला लावायचो. आमचा हवालदार म्हणायचा, "आजये, जबाब कुत्र्याचो घेवचो लागतलो. तेका जरा बोलूक शिकव." आम्ही हसायचो. वरिष्ठांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "कुत्र्यांच्या भानगडीत वेळ घालवू नका."

पाचव्या वेळेस ती आली तेव्हा लुगडं उलटं नेसलेली, घामाघूम, आणि स्वतःच्या वाडीचं नाव तिला आठवेना. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं आम्ही ठरवून टाकलं.

मी ठाणे दैनंदिनी उघडून तिच्या तक्रारींचे वार काढले. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, पुन्हा मंगळवार, बुधवार. प्रत्येक वेळी अकरा-बाराचा सुमार. मी तिला विचारलं, तेव्हा तीही म्हणाली, "सोमवारी झटको कदी येणा नाय." आणि सोमवारी तो टेम्पोवाला पहाटेच आठवडा बाजाराला माल घेऊन जातो, हे सगळ्या गावाला ठाऊक. मला वाटलं, माणूस सापडला. मी त्याला जेटीवरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तो म्हणाला, "माका कुत्रो मारूक वेळ खंय आसा?" त्या बोलण्यातला टोमणा मला सहन झाला नाही. सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली.

पुढच्या मंगळवारी आजी आली ती कुत्रा पिशवीत तडफडत असतानाच. विषप्रयोगाचा दाखला मिळेल, म्हणजे टेम्पोवाल्यावर पक्का गुन्हा दाखल करता येईल, या विचाराने मी कापसाला जीपमध्ये घेतलं. आजीही गाडीत चढायला लागली. तिचे हात थरथरत होते. "तुम्ही कशाला? घरी जा," असं म्हणून मी जीपचं दार ओढून घेतलं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. मी म्हटलं, "विषबाधेचा दाखला द्या."

"साहेब, झटका म्हणजे विषच असं नसतं," ते म्हणाले. "कुणाला जन्मतःच मिरगी असते. कुणाचं यकृत बिघडलेलं, कुणाच्या डोक्याला मार लागलेला. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीला कॅल्शियम कमी पडलं तरी येतो. उंदराचं औषध, बागेतली फवारणी हेही असतंच. पण एवढ्याशा कुत्र्यात मी आधी साखर बघतो."

त्यांनी रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. साखर जवळजवळ नव्हतीच. शिरेतून ग्लुकोज सुरू करत त्यांनी विचारलं, "याला उपाशी ठेवलं होतं?"

"छे. आजी सकाळी तांदळाची पेज प्यायला बसली की पहिला वाटा याला घालते. मग स्वतः पिते."

"घरात कुणी साखरेच्या गोळ्या घेतं?"

आजीला मधुमेह नव्हता. तिच्याकडे राहून तिचा स्वयंपाक करणाऱ्या पुतण्याला होता. आणि मग मला सोमवार कळला. सोमवारी आजीचा उपवास. त्या दिवशी घरात पेज होत नसे.

"पेजेतली एक गोळी आजीला गरगरवेल, घोळात टाकेल," डॉक्टर म्हणाले. "याचं अंग केवढंसं! हा आधी पडणार."

उलटं लुगडं, घाम, थरथरणारे हात. मी दूरक्षेत्राला फोन लावला. हवालदार म्हणाला, आजी घराकडच्या पाणंदीत पडलेली सापडली. टेम्पोवाल्यानेच तिला उचलून रुग्णालयात नेलं. मी फोन ठेवेपर्यंत कापूस गेला होता.

पुतण्याला मी हातही लावला नाही. भाव आधी बोलेल तो हरतो, हे मी बाजारात शिकलेलो. पेजेचा उल्लेख न करता विचारलं, "डॉक्टरने दिवसाला गोळ्या किती सांगितल्यात?"

"एकच."

मी औषध दुकानाची बिलं त्याच्यापुढे ठेवली. महिन्याला तिप्पट पाकिटं. मग गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तिका मारूचा नाय होता, साहेब. जरा घोळात रवली तर सही करीत, एवढाच." आजीची समुद्राकडची जागा त्याला हॉटेलवाल्याला द्यायची होती. कुलमुखत्यारपत्र तयार करून ठेवलेलं होतं. ते पंचनामा करून जप्त केलं.

पण पोलिसापुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. त्याला रोज सकाळी मागच्या पडवीत दगडाने गोळ्या ठेचताना पाहणारा एकच माणूस होता. तो टेम्पोवाला. मी त्याला बोलावून म्हटलं, "चुकलं माझं. आता जबाब दे."

"साहेबानू, थोबाडीत मारलास ती खंय? टपरीर. मगे माफी हयसर कित्याक?"

"हवालदार, शिपाई, सगळ्यांसमोर मागतो."

"शिपाय तुमचे. टपरी आमची."

"बरं. टपरीवर. दोघाचौघांसमोर."

"त्या दिसा होती तितकी सगळी."

आयुष्यात पहिल्यांदा मला एक पैसाही कमी करून मिळाला नाही. मी टपरीवर जाऊन हात जोडले. त्याने त्याच संध्याकाळी जबाब दिला, पुढे न्यायालयातही तसाच दिला आणि पुतण्याला शिक्षा झाली.

माफीचं कुणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं. त्यावरून माझी खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढ रोखली, बढतीच्या यादीतून नाव गेलं. 'वेळ घालवू नका' म्हणणाऱ्या साहेबांना याच तपासाचं प्रशस्तिपत्रक मिळालं. मी उपनिरीक्षक म्हणूनच निवृत्त झालो. याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवत नाही. थोबाडीत मारल्याची शिक्षा योग्यच होती. पण कुत्र्याला जीपमध्ये घेऊन त्या बाईला उन्हातून चालत पाठवलं, त्याबद्दल मला कुणी एका ओळीचा खुलासाही विचारला नाही.

नंतरच्या नोकरीत एखादी तक्रार कितीही खुळचट वाटली, तरी तक्रारदाराला आधी बसवून विचारायचो, आज काय खाल्लंत, कुणी वाढलं. तुमच्या घरच्या लहान कुत्र्याला झटका आला, तर शेजाऱ्याचं तोंड बघण्याआधी त्याने काय खाल्लं आणि किती वाजता, ते लिहून ठेवा. आणि त्याच ताटातलं आणखी कुणी खाल्लंय का, ते बघा.

आजी जगली. पण मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नव्हती. ती माणसं ओळखेना. मी रुग्णालयात गेलो तेव्हा परिचारिकेने तिच्यासमोर पेज ठेवली होती. आजीने चमचाभर पेज खाटेखाली फरशीवर ओतली, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग वाटी तोंडाला लावली.