पुढच्या डाव्या चाकातला आवाज

ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीच्या मधोमध जीपचं पुढचं डावं चाक कडकन वाजलं आणि जागीच अडकलं. मागे माझी नणंद कळांनी कण्हत पडली होती. पोटात मूल आडवं होतं. भरतीचं पाणी आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आलं होतं. सोबत घेतलेली सुईण म्हातारी म्हणाली, "हिचं हितं नाय व्हायचं. पालघरच्या दवाखान्यात न्यायलाच पायजे, नायतर दोगंबी जातील." माझा नवरा स्टिअरिंग धरून नुसता समोर बघत होता.

चाक का अडकलं हे मला माहीत होतं. पंधरा दिवसांपासून माहीत होतं.

जीप लष्कराने लिलावात काढलेली, जुनी. तेव्हा घिवलीजवळ वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, बोईसरला परगावची माणसं येऊन राहिली होती आणि त्यांना मासळी लागायची. नवऱ्याने होडीतला आपला वाटा भावाला विकून जीप घेतली. मी मासळीच्या पाट्या घेऊन त्याच्या डाव्या हाताला बसायची. म्हणून आवाज आधी मला ऐकू आला. वळणावर टक, टक, टक.

नवरा म्हणाला, "पाट्या हलतात." पाट्या उतरवल्या तरी आवाज येईच. मग म्हणाला, "तुझ्या बांगड्या असतील."

"माझ्या बांगड्या काय वळणावरच वाजतात?"

बोईसरच्या एका फिटरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, "बेअरिंग गया है" म्हणाला आणि बेअरिंग बदललं. टकटक तशीच राहिली. मला ते पटलं नव्हतंच. बेअरिंग गेलं असतं तर सरळ रस्त्यावरही घरघरलं असतं, आणि गाडी पळेल तसं वाढलं असतं. धक्के झेलणारा कमानपाटा सैल असता तर खड्ड्यात वाजला असता. हे सरळ जाताना आणि खड्ड्यातही गप्प असायचं.

मी चौथी शिकलेली, गाडीतलं मला काय कळणार. पण होडी कुठून पाणी घेते ते आम्ही घरोघर शोधतोच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचं तसंच ठेवायचं, मग कळतं. ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू फरशीसारखी घट्ट होते. तिथे नवऱ्याला हळूहळू गोल फिरायला लावलं आणि मी चाकाच्या बाजूने चालत राहिले. डावीकडे वळला तर आवाज थोडा. उजवीकडे वळून अ‍ॅक्सिलेटर दाबला की डाव्या चाकात टकटक सुरू. पाय काढला की बंद. त्या जीपला पुढच्या चाकांनाही जोर देणारा एक दांडा होता. तो टाकला की आवाज मोठा, काढला की नावापुरता. म्हणजे चाकाला जोर पोचवणारा आणि वळताना वाकणारा जो सांधा असतो, तोच दुखत होता.

त्या सांध्यावर ग्रीस भरायला एक बूच असतं. नवऱ्याने ते उघडलं आणि जो वास आला तो ग्रीसचा नव्हता. मोरी मासळीच्या तेलाचा होता. पावसाळ्याआधी आम्ही होडीच्या लाकडाला चोपडतो ते.

"ह्यात मोरीचं तेल घातलंत तुमी?"

"होडी जलमभर खाऱ्या पाण्यात राहते, तिला चालतं. हिला का नाय चालणार?"

"होडीला फिरणारा सांधा हाय काय?"

तेल सुकून डिंकासारखं चिकट झालं होतं. रॉकेलने धुतलं, ग्रीस भरलं. आवाज कमी झाला, पण गेला नाही. सांधा झिजून गेला होता आणि नवा मुंबईहून यायचा होता. तोवर पुढचा दांडा टाकायचा नाही आणि वळताना दाबायचं नाही, असं आमचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी नणंदेचं अडलं. रस्त्याने फिरून जायला फार वेळ लागला असता, म्हणून ओहोटी संपत आलेली असूनही खाडीत उतरलो. पलीकडून पाम गावावरून जाणारी वाट जवळ पडायची. मध्ये मागची चाकं रुतायला लागली. नवऱ्याने दांडा टाकला, चिखल चुकवायला उजवीकडे पूर्ण वळवलं आणि दाबलं. मी बाजूलाच होते, मीही अडवलं नाही.

आता मी खाली उतरले. सांधा सरळ चाकाला कधी वाजत नव्हता. मग चाक सरळ केलं तर आत मोडून अडकलेल्या तुकड्याला जागा मिळेल, असा माझा हिशोब. खात्री नव्हती.

"अवो, दांडा काढा आणि चाक सरळ करा."

"फिरत नाय गं."

"फिरवा. आमी बाहेरून रेटतो."

सुईणही उतरली. "ह्या वयात मला चिखलात उतरवलंत, मेल्यांनो," म्हणाली, पण चाकाला खांदा लावला.

आतून नणंद ओरडली, "वयनी, मला टाकून जाऊ नका!"

"गप पड. तुलाच न्यायचं हाय. जीप काय मी चुलीत घालू?"

तिसऱ्या रेट्याला आत काहीतरी खटकन सुटलं आणि चाक सरळ झालं. जीपमधलं फाटकं जाळं घड्या घालून मी मागच्या चाकांमागे कोंबलं. पाणी तोवर आमच्या घोट्याला लागलं होतं.

"सरळ मागं घ्या. अजिबात वळवू नका."

चाकं जाळ्यावर चढली, घसरली, परत चढली. जीप आल्या चाकोरीने मागे मागे जात काठाला लागली. मग रस्त्यानेच निघालो, लांबच्या. नवरा प्रत्येक वळणाला पाय काढून मोठा घेर घेत होता. मी डाव्या चाकाकडे कान देऊन होते. सुईण मागे नणंदेचं डोकं मांडीवर घेऊन बैलगाडीवाल्यांना शिव्या देत होती. वाट सोडली नाही तर जास्त.

पालघरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतलं आणि पोट चिरून मूल काढलं. मुलगी होती. नणंद जगली आणि मुलगीही जगली.