देवळे सरांचा गूळ-शेंगदाण्यांचा डबा

देवळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला, आणि त्याच तासाला सरांनी आम्हा सगळ्यांना चक्क फसवलं. वर्गात आल्या आल्या त्यांनी टेबलावर स्टीलचा डबा ठेवला, झाकण किलकिलं केलं आणि सावकाश सांगू लागले, "गाभुळलेली चिंच हाय. आता तिला मीठ लावतो. जरा तिखट लावतो." अख्खा वर्ग आवंढे गिळायला लागला. मग सरांनी डबा उपडा केला. आत काहीच नव्हतं. "चिंच तर न्हाई, मग तोंडाला पाणी कुणी आणलं?" असं त्यांनी विचारलं आणि मानसशास्त्राचा आमचा पहिला धडा सुरू झाला.

यंदा सर साठ वर्षांचे होत आहेत आणि निवृत्तही होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरवग्रंथात माझ्याहून मोठी माणसं लिहितीलच. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी सहकारी. मी त्या डब्याबद्दलच लिहिणार आहे.

घंटा ऐकून लाळ गाळणारा रशियातला कुत्रा सगळ्याच पुस्तकांत आहे. सरांनी आम्हाला त्याऐवजी आपल्या गावी, दिंद्रुडला, घरच्या म्हशीकडे नेलं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, बादलीची कडी वाजवली मात्र, म्हैस पान्हावली. "रोज कडी वाजली की मागनं पेंड येते. आता कडीच तिला पेंड वाटते," सर म्हणाले. "एका गोष्टीमागून दुसरी येत राहिली की जीव दोन्हींची गाठ मारून ठेवतो. जनावर असो की माणूस." यालाच अभिजात अभिसंधान म्हणतात, हे त्यांनी शेवटी, परत निघताना सांगितलं. आधी म्हैस, मग व्याख्या, ही त्यांची पद्धत आजही तीच आहे.

सर वर्गात कुणावर ओरडत नाहीत. पुस्तकाशेजारी भीती बसली की पोरगं पुस्तकालाच भिऊ लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या या मवाळपणाचा आम्ही गैरफायदाही घेतला. कँटीनमधून कपबशीचा आवाज आला की सरांचं वाक्य अर्धवट राहतं, हे आमच्या लक्षात आलं होतं. मग मागच्या बाकावरचे लोक घरून कपबशी आणून तासाला हळूच वाजवायला लागले. दोन महिने आम्ही सरांवर हा प्रयोग केला. शेवटच्या दिवशी सर हसत म्हणाले, "निष्कर्ष लिहून आणा बे, मार्क देतो." त्यांनी खरोखरच मार्क दिले.

आता माझी गोष्ट. माझे आईवडील ऊस तोडायला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर नांदूरघाटजवळच्या आमच्या वस्तीवर यायचा, हॉर्न वाजवायचा आणि आईला सहा महिन्यांसाठी घेऊन जायचा. मी आत्याकडे राहायचे. वर्षानुवर्षं तो हॉर्न ऐकला आणि मागोमाग आई गेली. पुढे पुढे कुठल्याही ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकला तरी माझे हात गार पडायचे. कॉलेजच्या पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी दिवाळीनंतर आली. बाहेर रस्त्यावर टोळ्यांचे ट्रॅक्टर वाजत होते. मी दोन पेपर अर्धवट टाकून उठून आले. घरात ठरलं होतं, पुढच्या दिवाळीनंतरही विषय सुटले नाहीत तर लग्न, आणि मग नवऱ्याबरोबर कोयता घेऊन त्याच ट्रॅक्टरवर.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चूकच केली. आमच्या शिपाईमामांच्या भावाचा ट्रॅक्टर त्यांनी सरळ कॉलेजच्या आवारात आणवला आणि माझ्याशेजारी उभं राहून हॉर्न वाजवायला लावला. एकदा ऐकून घेतलं की भीती मोडेल, असं त्यांना वाटलं. मी जी पळाले ती थेट एसटीत बसून आत्याच्या घरी. आठवडाभर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही.

आठव्या दिवशी सर स्कूटरवरून आत्याच्या दारात आले.

"सर, पोरगी कावून पळून आली? कुणी मारलं का?" आत्यानं विचारलं.

"न्हाई आक्का. चूक माझी हाय. भुकेल्याला एकदम ताटभर वाढलं मी. आता घासाघासानं देतो. पाठवता का तिला?"

एवढा मोठा प्राध्यापक आमच्या ओट्यावर बसून चूक कबूल करतो, हे पाहून मला रडू आलं. आत्यानं मला दुसऱ्याच दिवशी पाठवलं.

मग रोज तास संपल्यावर मी सरांबरोबर कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली बसायचे. ट्रॅक्टर ओढ्यापलीकडे, दिसणारही नाही इतका लांब. बारीकसा हॉर्न यायचा आणि तो आला की लगेच सर त्याच स्टीलच्या डब्यातून मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवायचे. हॉर्न, मग गूळ. दर दोन-तीन दिवसांनी ट्रॅक्टर थोडा जवळ. माझे हात गार पडले की सर खूण करायचे आणि ट्रॅक्टर मागे जायचा. "घाई न्हाई. ट्रॅक्टर आपलाच हाय," ते म्हणायचे. ओढ्यापासून फाटकापर्यंत यायला आम्हाला दोन महिने लागले.

पुढच्या दिवाळीनंतर मी राहिलेले पेपर द्यायला बसले. दुसऱ्या पेपरला खिडकीबाहेर मोठ्यानं हॉर्न वाजला. पेन थांबलं. हात गारही पडले, खोटं का सांगू. पण त्याच वेळी जिभेवर गूळ आला. मी आवंढा गिळला आणि लिहीत राहिले. पेपर संपवून बाहेर आले तर सर व्हरांड्यात डबा घेऊन उभे होते. त्यांनी झाकण उघडून डबा पुढे केला. आम्ही शेंगदाणे खाल्ले.

मी पास झाले. कोयता हातात आला नाही, खडू आला.

सर, तुम्हीच शिकवलंत की नुसती कडी वाजत राहिली आणि पेंड कधी आलीच नाही, तर शिकलेली सवय हळूहळू विझते. यंदाही दिवाळीनंतर टोळ्या निघतील, विभागाच्या खिडकीखाली हॉर्न वाजेल, आणि पहिल्यांदाच तुम्ही शेजारच्या खुर्चीवर नसाल. म्हणून तुम्हाला निरोगी, भरपूर मोठं आयुष्य लाभो, ही माझी इच्छा अगदी स्वार्थी आहे. वर्षातून एकदा, हॉर्न वाजेल त्या दिवशी, दिंद्रुडहून या. डबा आता मी भरून ठेवीन.