दोनशे सात सध्या विमलकडे आहे

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला आमचे नाना धुतलेला पांढरा शर्ट घालून घराबाहेर पडायचे आणि पहिल्याच घरी चहाला बसायचे. धुळ्याला चर्चच्या आवाराभोवती आमच्या मंडळींची पंचवीस-तीस घरं होती. त्यांतली सहा-सात घरं दर शनिवारी व्हायची. मग पोटात तेवढे चहा घेऊन नाना चर्चमध्ये शिरायचे आणि व्यासपीठाशेजारच्या लाकडी फलकावर पत्र्याचे आकडे अडकवायचे. रविवारच्या भक्तीची चार गाणी ठरलेली असायची.

नाना म्हणजे माझे थोरले काका. मी त्यांच्या आणि काकूच्याच घरी राहायचे. एस.टी.च्या स्थानकावर कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर गाड्या सोडायचं काम सुटलं, गाणी सोडायचं तेवढं राहिलं. हे काम त्यांना कुणी दिलं, केव्हा दिलं, हे मंडळीत कुणालाच आठवत नव्हतं. मी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. बावीस-तेवीस वर्षांची होते, जळगावला जाऊन पेटीच्या दोन परीक्षा देऊन आले होते आणि संगीतातलं आपल्याला कळतं, नानांना चहातलं कळतं, अशी माझी स्वच्छ समजूत होती.

"चहा पिऊन गाणी कशी ठरतात हो नाना?" मी एकदा विचारलं.

"गाडीत कोण बसलंय ते आधी बघावं, मग पाटी लावावी," नाना म्हणाले. "मार्थामावशीचा दमा उसळलाय. उंच सुरातलं लावलं तर ती बसून राहील, आणि तिला बसून राहिलेलं आवडत नाही. पवारांच्या पोराचा दहावीचा निकाल वाईट आलाय. उद्या विजयाचं गाणं नको."

मागच्या दोन बाकांवर साक्रीकडून बांधकामावर आलेली कुटुंबं बसत. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. गावाकडे म्हणून म्हणून पाठ झालेली पंधरा-वीस गाणी तेवढी त्यांना येत, पण ती अशी म्हणत, की पुढच्या बाकांवरचे पुस्तकवाले मागे वळून बघत. चारांतलं एक गाणं नाना त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. मला ती चाल फार साधी वाटायची. एका रविवारी हट्ट करून मी चारही नवी गाणी लावून घेतली. भक्तीत मी गायले, पाळकसाहेबांच्या पत्नीचे ओठ हलले, बाकी मंडळी पुस्तकात बघत उभी राहिली. नाना एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत, चिडवायचं असलं की अहिराणीवर येत. घरी आल्यावर म्हणाले, "आवाज चांगला शे तुना. पन तू एकलीच गाई ऱ्हायनी व्हती."

नानांच्या गाण्याच्या पुस्तकात शेवटी अनुक्रमणिका होती आणि तिच्यात काही आकड्यांपुढे पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. ही त्यांचीच रीत. कुणाच्या घरी माती झाली, की कबरेपाशी म्हटलेलं गाणं त्या घरी गेलं, असं ते धरायचे. त्या घरातलं माणूस भक्तीला बसलेलं असताना ते गाणं फलकावर लागायचं नाही. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. मग त्या घरचंच कुणीतरी एखाद्या शनिवारी चहा देता देता म्हणायचं, "नाना, ते म्हणायला हरकत नाही आता." नाना खोडरबरानं नाव पुसायचे. त्यांनी स्वतःहून कधी मागितलं नाही. बहुतेकांना ही रीत माहीत होती, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नसे.

दोनशे सात नंबरचं गाणं विमलताईंकडे होतं. विमलताई आमच्याच आवारात राहायच्या, बालवाडी चालवायच्या. यजमान आधीच गेले होते. एकुलता एक सुधीर आग्रा रोडवर मोटरसायकलच्या अपघातात गेला, एकविसाव्या वर्षी. दोनशे सात त्याचं आवडतं, म्हणून तेच म्हटलं. त्यानंतर विमलताईंनी लग्नाला, बारशाला, कुणाकडे जेवायला जाणं सोडलं. बालवाडी आणि रविवारची भक्ती, एवढ्या दोनच ठिकाणी त्या जात. तिसऱ्या बाकावर खिडकीकडेला बसत आणि शेवटची प्रार्थना संपायच्या आत उठून जात.

अडचण अशी होती, की दोनशे सात हे आमचं ईस्टरचं गाणं. पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमायची, फटफटायला लागलं की तेच सुरू व्हायचं. त्याच्याशिवाय ईस्टर म्हणजे मीठ नसलेली खिचडी. सुधीर गेल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी कुजबुज झाली. तिसऱ्या वर्षी नवे पाळकसाहेब आले होते. त्यांनी कमिटीत सरळच विचारलं, की ईस्टरला दोनशे सात का नाही.

"दोनशे सात सध्या विमलकडे आहे," नाना म्हणाले.

पाळकसाहेबांना हे समजावून सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, "नाना, गाणं देवाचं असतं."

"देवाचंच आहे, साहेब. ठेवलंय फक्त तिच्याकडे."

"पण एका माणसासाठी सगळ्या मंडळीनं किती वर्षं थांबायचं?"

"ती दर रविवारी येते," नाना म्हणाले. "तेवढी एकच जागा राहिलीय तिला. ती जाऊ नये, एवढंच बघतो मी."

मी तिथेच कोपऱ्यात कमिटीसाठी चहा ओतत होते. मनातून मी पाळकसाहेबांच्या बाजूची होते. पेटीवर दोनशे सातची माझी तयारी चांगली होती, हेही कारण होतं. लपवण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी ईस्टरच्या आठवड्यात भुसावळहून निरोप आला. नानांची मुलगी तिथे रेल्वे कॉलनीत राहायची, तिचं बाळंतपण अडलं होतं. नाना निघाले. जाताना माझ्या हातात गाण्यांची चिठ्ठी दिली. तिच्यात ईस्टरला दुसरंच गाणं होतं. "यातलं काही बदलू नको," एवढं बोलून ते गाडीत चढले.

मी तशी बदलणार नव्हते. पण पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही एकदा विचारून तर बघा त्यांना," आणि मला वाटलं, नाजूक काम आहे, आपल्यासारख्या समजूतदार मुलीनंच करावं. डब्यात रव्याचे लाडू घेतले आणि विमलताईंकडे गेले. चहा झाला. लाडवात तूप कमी आहे, हे त्यांनी सांगितलं. मग मी पाच मिनिटं इकडचंतिकडचं बोलून दोनशे सातचं काढलं.

त्या भांडी मांडणीवर लावत होत्या. पाठ माझ्याकडे होती. "घे की," म्हणाल्या. "माझं थोडंच आहे ते."

मी अशी खूश होऊन घरी आले, की काकूला वाटलं, माझं लग्नच ठरलं.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात पेटी नेली. दोन ईस्टर चुकल्यावर दोनशे सात म्हणायला मिळत होतं, मंडळीनं पहिलंच कडवं असं उचललं की झाडावरचे बगळे उडाले. मागच्या बाकांवरचे लोक आज पुढे उभे होते. दुसऱ्या कडव्याला मी मान वर केली. विमलताई सुधीरच्या कबरेपाशी उभ्या होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं आणि फाटकाकडे चालू लागल्या. घाईनं नाही. बाजारातून परत निघाल्यासारख्या. मी वाजवत राहिले. मध्ये थांबावं हे सुचलं नाही, सुचलं असतं तरी कसं थांबावं हे कळलं नसतं. चारही कडवी झाली. पुढच्या रविवारी तिसऱ्या बाकावरची खिडकीकडची जागा रिकामी होती.

नाना बुधवारी आले. नातू झाला होता, बाळंतीण बरी होती. काकूनं त्यांना बाकीचं सगळं आधीच सांगून टाकलं होतं. ते शांतपणे जेवले. हात धुऊन आल्यावर मला म्हणाले, "काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, घे की, माझं थोडंच आहे."

"आणि तू घेतलंस."

"त्या हो म्हणाल्या ना, नाना."

"मागितल्यावर माणूस हो म्हणतंच, पोरी. दारात उभ्या असलेल्याला नाही कसं म्हणायचं?" मग पुस्तक उघडून त्यांनी अनुक्रमणिका काढली. तिथलं विमलताईंचं नाव मीच पुसलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेन्सिल घेऊन ते पुन्हा लिहिलं. "गानं तिना घर शे," म्हणाले. "आपुन मांगाले जावानं नही."

शनिवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. मी डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, चाललं नाही. विमलताईंच्या अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या. नाना खाटेच्या कडेला बसले, एक ओलसर कुरडई उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, "विमल, ते दोनशे सात परत आणून ठेवलंय तुझ्याकडे. आमच्या पोरीनं चुकून नेलं होतं."

शेजारणीची परात न विचारता नेली होती, ती परत आणली, अशा सुरात. मला जमिनीत जावंसं वाटलं. विमलताई बराच वेळ कुरडया उलटत राहिल्या.

"राहू दे इथे," शेवटी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "पेटी बरी वाजवते ही. लाडू नाही जमत."

त्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. नाना शनिवारी जात, चहा पीत, मोतीबिंदूबद्दल बोलत आणि उठत. त्याच्यापुढच्या रविवारी तिसऱ्या बाकावर त्या दिसल्या. शेवटच्या प्रार्थनेआधी उठून गेल्या, पहिल्यासारख्याच. ईस्टरला दोनशे सात पुढची तीन वर्षं लागलं नाही. पाळकसाहेबांनीही पुन्हा विषय काढला नाही.

मग एका फेब्रुवारीत नाना गेले. सकाळी दाढी करताना छातीत दुखलं, रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. घरात माणसं जमली, शवपेटी कोण उचलणार, खड्डा किती वाजता, सगळं ठरत गेलं, आणि मग गाण्याशी येऊन अडलं. सगळ्या मंडळीची गाणी ठरवणाऱ्या माणसानं स्वतःसाठी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. काकू म्हणाली, "तू ठरव." मी त्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले. पानं उलटत होते, एकही गाणं वाचता येत नव्हतं.

विमलताई आमच्या स्वयंपाकघरात आलेल्यांचा चहा करत होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या कुणाच्या घरात शिरल्या होत्या. कपांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, माझ्यासमोर एक कप ठेवला आणि म्हणाल्या, "दोनशे सात म्हणा."

"ताई, पण ते तुमच्याकडे..."

"म्हणून तर सांगते."

कबरेपाशी त्या काकूचा हात धरून उभ्या राहिल्या आणि चारही कडवी गायल्या. त्यांचा आवाज इतका मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी फलकावर आकडे कोण लावणार, असा प्रश्न कमिटीत निघायच्या आतच विमलताई दुपारी चहाला निघालेल्या दिसल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आमच्याकडेही त्या दर शनिवारी यायच्या. काकूच्या गुडघ्यांबद्दल, बालवाडीच्या गळक्या छपराबद्दल बोलायच्या. दोनशे सातबद्दल कधी नाही. ते आता आमच्या घरी होतं. एक ईस्टर गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या वर्षी ईस्टरच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी काकू मेथी निवडत बसली होती. विमलताई समोर होत्या, मी चहा गाळत होते. काकू मेथीतून मान वर न करता म्हणाली, "विमल, या वर्षी म्हणा ते. पुष्कळ झालं."

"इतक्यात कशाला?" मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. काकूनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. विमलताईंनी चहा संपवला, कप मोरीत विसळून उपडा घातला आणि चपला घालून चर्चकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी भक्तीला मी भीत भीत फलकाकडे पाहिलं. ईस्टरच्या गाण्यांचे आकडे आमच्याकडे आठवडाभर आधी लागत. तिथे दोनशे सातऐवजी दुसरंच गाणं होतं, आणि ते माझ्या हाताला सोपं जाणारं होतं.