शुक्रवारी बसणारी कुत्री

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. शिवणकाम करणारा माणूस तसा होतोच. गिऱ्हाईक सांगतं एक, त्याच्या मनात असतं दुसरं, आणि बिघडलं की खापर सुईवाल्याच्या डोक्यावर. कुवेतमध्ये अर्दियाच्या वर्कशॉप भागात मी गाड्यांची सीटं शिवतो, हिवाळा आला की तंबूही शिवतो. आमच्या खोलीतले लोक म्हणतात, हा चहा पिण्याआधी कपाचा तळ बघतो. बघतो. त्यात माझं काय चुकलं?

तर त्या हिवाळ्याच्या तोंडावर आमचा कफील दुकानात आला आणि म्हणाला, कुत्र्यांसाठी पट्टे शिवायचेत. कफील म्हणजे ज्याच्या नावावर माझा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना. दुकानही त्याचंच. मला वाटलं, यात काहीतरी भानगड आहे. इतकी वर्षं हा माणूस दुकानात फक्त भाव करायला यायचा, आणि आज स्वतः खुर्ची ओढून बसला, मोबाइलवर मला चित्रं दाखवू लागला. बर्फातून घसरगाडी ओढणारी कुत्री, आणि त्यांच्या अंगावर छातीपासून शेपटीपर्यंत पट्ट्यांची जाळी.

कब्दला त्याचा मळा आहे. तिथे एसीच्या खोलीत त्याने आठ हस्की पाळली होती, निळ्या डोळ्यांची, दाट केसांची. जानेवारी संपता संपता ती विमानात घालून तो एका थंड देशात नेणार होता. तिकडे बर्फातून कित्येक दिवस चालणारी शर्यत असते म्हणे. आणि तयारी कुठे, तर कुवेतच्या वाळूत. बर्फाऐवजी वाळू, घसरगाडीऐवजी इंजिन बंद केलेली चार चाकांची बग्गी.

"बर्फ कहां है, बाबा?" मी विचारलं.

"बर्फ उधर है. ताकत इधर बनाने का," तो म्हणाला. मला पटलं नाही, पण न पटलेली कामंच मी आयुष्यभर केली आहेत.

पट्टे मात्र मी जीव ओतून शिवले. भंगारात आलेल्या गाड्यांचे सीट बेल्ट घेतले, कारण त्या पट्ट्याइतकं चिवट काही नाही. छातीला आतून फोम लावला, वर मऊ कापड. प्रत्येक कुत्र्याचं माप वेगळं घेतलं. तंबूच्या कापडाचे मोजेही शिवले, वाळूतले खडे पायात रुतू नयेत म्हणून. माझ्या हातचं सीट आजवर कोणी परत आणलेलं नाही, आणि कुत्र्याच्या पाठीवरचं काम परत यावं हे मला चालणार नव्हतं.

मळ्यावर कुत्र्यांची राखण करायला माझ्या गावचे एक काका होते. सख्खे नव्हेत, वाडीतले. मला कुवेतला आणलं तेही त्यांनीच, विमानतळावर मला न्यायलाही तेच आले होते. गुहागरकडच्या माणसाने आयुष्यात कधी इतकी केसाळ कुत्री पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी एसीच्या खोलीत डोकावून मला विचारलं होतं, "अरं, ह्यांना गारठा नाय बाधायचा?" पण महिन्याभरात सगळी कुत्री त्यांच्या मागे मागे फिरायला लागली. पुढे धावणारी जी कुत्री होती, तिला मी पुढारीण म्हणायचो, ती तर काकांनी हात लावल्याशिवाय पट्टा घालून घेत नसे.

तिसरा माणूस सुदानी ड्रायव्हर. रोज पहाटे तो बग्गीवर बसून कुत्र्यांना पळवून आणायचा. कफील फक्त शुक्रवारी यायचा, सुट्टीचा. त्या दिवशी तो स्वतः बग्गीवर बसायचा, आणि मला टाके तपासायला बोलावून घ्यायचा.

खाण्याचा नियम कडक होता. डॉक्टरने सांगितलं होतं तेवढंच द्यायचं: उंटाचं मटण, कोंबडी आणि वरून चरबी. दुसरं काही नाही. काकांच्या आधीचा राखणदार कुत्र्यांना खबूस, म्हणजे इथली रोटी, घालताना सापडला होता. त्याला त्याच आठवड्यात विमानात बसवलं. ही गोष्ट कफील दर शुक्रवारी नव्याने सांगायचा, म्हणजे आम्ही विसरू नये.

सुरुवातीचे शुक्रवार छान गेले. कुत्री तीरासारखी सुटायची, आणि कफील परतल्यावर माझ्या पाठीवर थाप मारायचा. मग डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी काय झालं कोण जाणे. अर्धा रस्ता गेल्यावर पुढारीण थांबली, पाठ वाकवली आणि बसली. तिच्या मागचा बसला. त्याच्या मागचाही. पोटात कळ आल्यासारखी सगळी अवघडलेली. कफील उतरून ओढतोय, शिट्ट्या मारतोय, तरी हलायला तयार नाहीत. कशीबशी परत आणली.

शनिवारी जरा सुस्त होती, रविवारपासून पुन्हा तीर. सुदानी म्हणाला, "मेरे साथ तो भागता है." पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच अंतरावर, तसंच वाकून.

कफीलने मला जवळ बोलावलं, पुढारिणीच्या पोटाखालचा पट्टा बोटाने ओढला आणि म्हणाला, "शुफ. बघ. इधर दबता है. पेट में मुश्किला."

"बाबा, दो उंगली जाता है अंदर. टाइट नहीं है."

"तो फिर क्यूं बैठता है?"

मी पुन्हा दोन बोटं आत घालून दाखवली. तो म्हणाला, पुढच्या शुक्रवारी कुत्री बसली तर पट्टे बाहेरून मागवीन आणि तू खलास. अकामा त्या महिन्यातच संपत होता. पण खरं सांगू? अकाम्यापेक्षा मला तो पट्टा झोंबला. माझ्या हातच्या शिवणीने मुक्या जनावराच्या पोटाला त्रास होतोय, असं चारचौघांत म्हटलं होतं त्याने. मी रागाने लाल झालो आणि तोंडातून "यस बाबा" एवढंच निघालं.

मग माझा स्वभाव कामाला लागला. माझे पट्टे रोज तेच, कुत्री रोज तीच, मग शुक्रवारीच का? कोणीतरी काहीतरी करत होतं. पहिला संशय सुदानी ड्रायव्हरवर. त्याच्याबरोबर पळतात आणि मालकाबरोबर बसतात, याचा अर्थ काय? मालकाने बग्गी सोडून द्यावी आणि शर्यतीला यालाच परदेशी न्यावं, असं त्याच्या मनात असणार. मी त्याच्या मोबाइलवरच्या बोलण्याला कान लावला. अरबीतलं मला निम्मं कळत नाही, पण न कळलेल्या निम्म्यात मला सगळं काळंबेरं ऐकू येत होतं.

दुसरा संशय शेजारच्या मळ्यावर. तिथले लोक आपली शिकारी कुत्री घेऊन कुंपणाशी उभे राहायचे आणि आमची बग्गी बघून हसायचे. पाण्यात काही टाकत असतील तर? मी काकांना सांगितलं, पाण्याची टाकी झाकून ठेवा. काका म्हणाले, "तुझ्या डोक्याला झाकण घाल आधी."

शेवटी मी एक युक्ती केली. प्रत्येक पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असा, पिवळ्या दोऱ्याचा एक कच्चा टाका घातला. कोणी पट्टा आवळला किंवा सैल केला तर तो तुटणार. बुधवारी जाऊन बघितलं तर सगळे पिवळे टाके जागच्या जागी. एकही तुटलेला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी आणखीनच बेचैन झालो. पट्ट्याला कोणी हात लावत नसेल तर मग दोष खरंच माझाच?

गुरुवारी दुपारी मी दुकानातून लवकर निघालो. म्हटलं, आज संध्याकाळपासून उद्या सकाळपर्यंत मळ्यावरच बसायचं आणि एकेकावर नजर ठेवायची. सुदानी सामान आणायला गेला होता. काकांनी मला बघून पान वाढलं. वरणभात, बटाट्याची भाजी, भाजलेला पापड, वर लिंबाची फोड. मी पोटभर जेवलो. इतर दिवशी काकांकडे सुका जवळा नाहीतर मटण असतंच, पण मला त्या ताटात काही वेगळं वाटलं नाही. मीही त्या दिवशी सकाळी डब्यात भाजीच नेली होती.

मी कुंपणाकडे तोंड करून बसलो, शेजारच्यांवर डोळा ठेवून. काका मागून मोठं पातेलं घेऊन आले, कुत्र्यांच्या खोलीकडे निघाले. पातेल्यातून वाफ येत होती. त्यांनी वरून डब्यातलं तूप सढळ हाताने घातलं. "आज गुरुवार ना," असं स्वतःशीच म्हणाले.

मी मान डोलावली. बरोबर आहे, गुरुवार आहे. पुन्हा कुंपणाकडे बघू लागलो.

आणि मग मला कळलं मी कशाला मान डोलावली ते. उठलो आणि धावतच जाऊन काकांच्या हातातलं पातेलं धरलं. आत वरणभात. पिवळाधमक, हळद-हिंग घातलेला.

"काका, हे कुत्र्यांना?"

"मंग कुणाला?"

"त्यांना मटण द्यायचं ना?"

"अरं, मार्गशीर्षातला गुरुवार हाय. तू खाल्लंस काय मटण आज?"

मी खाल्लं नव्हतं. आमच्या गावात मार्गशीर्षातल्या गुरुवारी कोणाच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही, घरातल्या बाया उपास करून पूजा मांडतात, आणि ते आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की मी सगळ्या कुवेतवर संशय घेतला, पण त्या वारावर घेतला नाही. गेले दोन आठवडे दर गुरुवारी कुत्र्यांना डाळभात मिळत होता आणि दर शुक्रवारी सकाळी त्यांचं पोट बिघडत होतं.

"काका, त्यांच्या पोटाला नाही सोसत. म्हणून बसतात ती."

काका पातेल्याकडे बघत हळूच म्हणाले, "मी तूप घातलं होतं रं." पुढे म्हणाले, "पोरीचे दिवस भरत आलेत. मागल्या वेळी काय झालं तुला म्हाईत हाय. तुझ्या काकीने गुरुवार धरलेत तिच्यासाठी. मी म्हटलं, माझ्या हाताने त्या दिवशी कापाकापी नको. मटणाला शिवायचं नाय."

मला माहीत होतं. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं मूल जन्मतानाच गेलं होतं, आणि काकांना रजा मिळाली नव्हती. ते इथेच बसून फोनवर रडले होते. मी त्यांच्या शेजारी होतो.

पातेलं मी बाजूला ठेवलं. फ्रीझर उघडला, मटणाच्या पिशव्या गरम पाण्यात टाकल्या आणि सुरी घेतली. काका दाराबाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. माझ्या घरीही बायको गुरुवार करते. सहा वर्षांत मी तो मोडला नव्हता. उंटाच्या मटणाचे तुकडे करताना मला तिची आठवण येत होती आणि भीतीही वाटत होती, ती कशाची ते मला नीट सांगता येणार नाही. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. कुत्र्यांनी मात्र ताटल्या चाटूनपुसून साफ केल्या. वरणभात सुदानीने संध्याकाळी खाल्ला, दोनदा मागून. त्याच्याकडे मान वर करून बघायला मला लाज वाटली.

शुक्रवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. कफील आला आणि सरळ बग्गीवर बसला. काकांनी पुढारिणीच्या मानेवर हात ठेवला, मी पट्टा चढवला. ती सुटली, मागे बाकीची. मी त्या वळणाकडे बघत उभा राहिलो, जिथे ती बसायची. तिथून धुरळा उठला आणि पुढे सरकत गेला. काकांनी डोळे मिटून हात जोडले.

कफील परत आला तो हसतच. उतरून त्याने पोटाखालचा पट्टा ओढून बघितला. "अभी ठीक है! क्या किया तुम?"

मी काहीच केलं नव्हतं. पिवळा टाकासुद्धा आत तसाच होता. काका हातात बादली घेऊन उभे होते, त्यांचं तोंड उघडलेलं मी बघितलं. सरळ माणूस. ते सगळं सांगून टाकणार आणि खबूसवाल्याच्या मागोमाग विमानात बसणार. पोरगी दवाखान्यात, आणि बाप कामावरून काढलेला, असा दारात उभा.

"टाइट था, बाबा," मी म्हणालो. "मेरा गलती. लूज किया."

"मैं पहले दिन बोला!" तो ओरडला, आणि सुदानीकडे वळून अरबीतही सांगितलं, की चूक शिंप्याची होती. शिंप्याला अरबीत काय म्हणतात ते मला चांगलं कळतं.

बग्गी आत गेल्यावर काका माझ्याजवळ आले. "खोटं कशाला बोललास?"

"बादली द्या इकडे. पाणी भरतो," मी म्हणालो.

उरलेल्या गुरुवारी मटण मीच कापलं. अर्दियातून बसने जायचो आणि यायचो. जानेवारीत काकांची मुलगी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, आणि कुत्री बर्फाकडे गेली. शर्यतीचा व्हिडिओ कफीलने सगळ्या दुकानाला दाखवला. पांढऱ्या बर्फावर माझे काळे पट्टे लांबूनही ओळखू येत होते. नंबर काही आला नाही, पण शेवटपर्यंत धावली आणि कुठे बसली नाहीत.

अकामाही नव्याने लागला. पण तेव्हापासून कफील दुकानात येतो ते थेट माझ्या मशीनपाशी. मी शिवून ठेवलेलं सीट तो गिऱ्हाइकादेखत उलटं करतो आणि दोन बोटांनी टाका ओढून बघतो. मी बाजूला उभा असतो. टाका सुटत नाही. मग तो पुढचा ओढतो.