वानराचा दहावा आणि माझी मिशी

हसा. आधी पोटभर हसून घ्या, मग चहा घ्या, मग सांगतो. गेले पंधरा दिवस भूगावात भेटणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या ओठांकडे बघतो, मग टोपीखालच्या टकलाकडे बघतो, आणि आवाज खाली आणून विचारतो, "कधी गेले हो बाबा?"

बाबा कुठेही गेलेले नाहीत. आतल्या खोलीत टीव्ही बघतायत. आवाज येतोय ना? तेच.

माझी मिशी एका वानरासाठी गेली. आणि त्यात वानराची काही चूक नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

तुम्हाला माहीत आहे, मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार लिहायचं काम माझ्याकडे असायचं. 'नेहमी खरे बोलावे' हा मी किती वेळा लिहिला असेल, त्याला गणतीच नाही. अक्षर छान होतं माझं.

तर झालं असं. आमच्या रेवतीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, पण घर कोळवणच्या अलीकडच्या एका वाडीतलं. शेतकरी माणसं, भरलेलं घर. त्या घरात शेवटचा शब्द मुलाच्या आजोबांचा. तात्या म्हणतात त्यांना. मुलगी बघायला आले होते तेव्हा दोन तासांत तात्या एकच वाक्य बोलले होते, "मानसं सरळ दिसत्यात." बस्स. त्या एका वाक्यावर माझ्या लेकीचं लग्न उभं होतं.

साखरपुड्याची तारीख काढायला म्हणून मी आणि मंगल, म्हणजे आमची ही, सकाळी नऊला गाडी घेऊन निघालो. दोन्ही बाजूंना भात कापून झालेला, रस्ता मोकळा. मी हिला सांगत होतो, "तीस वर्षं गाडी चालवतोय, पण एक ओरखडा..."

ओरखड्यापर्यंत आलो आणि वळणावर झाडावरून एक वानर उतरलं. चांगला दांडगा हुप्प्या. रस्त्याच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं त्याने. मी ब्रेक मारला, करकचून मारला, पण व्हायचं ते झालं. धप्प!

आम्ही खाली उतरलो. हुप्प्या रस्त्याच्या कडेला आडवा.

"गेला का हो?" मंगल म्हणाली.

"गेलेला दिसतोय."

"नीट बघा ना."

"मंगल, मी मराठीचा मास्तर आहे. डॉक्टर नाही."

मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो. काही सुचेना, म्हणून गाडीतली पाण्याची बाटली आणली, खाली बसलो आणि त्याच्या तोंडात दोन घोट सोडले. माणसाला सोडतात तसे.

तेवढ्यात मागून आवाज आला, "रामराम, गुरुजी."

मान वळवली. तात्या! मागे गावातली पाच-सहा माणसं. आणि त्यांच्या मागे, पन्नास पावलांवर, मारुतीचं देऊळ.

आता तुम्हीच सांगा. वानर म्हणजे मारुतीचं लेकरू. कुठल्याशा गावात वानराला उडवलं म्हणून लोकांनी गाडीच्या काचा फोडल्याचं मी मोबाइलवर बघितलेलं. त्यात समोर तात्या. सरळ माणसं ओळखणारे तात्या!

"कुनी उडीवलं?" तात्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं हो! पण बाहेर आलं ते, "डंपर."

"कसला डंपर?"

"लाल."

"कुटं गेला?"

"उरवड्याच्या बाजूला. फार जोरात होता."

"डायवर बगितला?"

"टोपी घातलेली. एका हाताने फोनवर बोलत होता."

मंगलने माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं मी पोरांना बजावत आलो, एका ओळीत उत्तर लिहू नका, सविस्तर लिहा. ती सवय अशी नडली.

 तात्यांनी माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, वानराकडे बघितलं. मग म्हणाले, "अन् तुमी थांबून त्याला पानी पाजलं."

"हो."

"हितनं दिसाला किती गाड्या जात्यात. कोन थांबतंय?" तात्या मागे वळून म्हणाले. "गुरुजी थांबले."

"देवमानूस!" मागून कोणीतरी म्हणालं.

पोलीस पाटील आले. वनखात्याला फोन करून झाला, मग मी सांगेन तसं लिहून घ्यायला लागले. टेकायला काही नव्हतं म्हणून त्यांनी माझ्याच गाडीच्या बॉनेटवर वही ठेवली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अज्ञात वाहन'. मी सही केली.

मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय!

तात्या म्हणाले, "गावाला सुतक पडलं. आता धा दिस तारीख-बिरीख काय न्हाई. दहावा झाला की बगू."

मग ट्रॅक्टरची ट्रॉली आली. तिला केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या. वानराला नवं उपरणं, कपाळाला गंध, गळ्यात हार. पुढे टाळ-मृदंग. माणसाची काढतील तशी अंत्ययात्रा. आणि सगळ्यांत पुढे कोण? मी! मी जरा मागे सरकायला बघायचो, की कोणीतरी दंडाला धरून पुढे आणायचं. "गुरुजी, तुमचा मान हाय."

देवळामागे खड्डा खणला होता. पहिली माती मीच दिली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि ते अगदी खरं होतं. त्या दिवसात माझ्याकडून घडलेली तेवढीच एक खरी गोष्ट. तर एक बाई शेजारणीला म्हणाली, "बग, घरचं मानूस गेल्यावानी रडतुया."

मग न्हावी आला. पेटी उघडून माझ्यासमोरच बसला.

"आमच्यात रीत हाय," तात्या म्हणाले. "ज्यानं शेवटचं पानी पाजलं, त्यानं केस द्यायचं."

"तात्या, वडील आहेत हो माझे! चौऱ्याऐंशीचे आहेत. बाप जिवंत असताना मिशी कशी..."

"आसूंद्या की. पोरगं रीतीला चुकलं न्हाई म्हनून त्यास्नी आनंदच हुईल." मग थांबून हळूच म्हणाले, "का दुसरं काय सांगायचं हाय?"

तेव्हा तरी कळायला हवं होतं. मी मंगलकडे बघितलं. ती कानाशी येऊन म्हणाली, "एक तर सांगून टाका, नाहीतर बसा."

मी बसलो.

डोकं झालं, मिशी झाली. वारा लागला की ओठ गार पडायचा. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघं जण आले, त्यांच्या मागे एक लाल डंपर. ड्रायव्हरला खाली उतरवून माझ्यासमोर उभं केलं.

"गुरुजी, ह्योच का?"

 तो बिचारा हात जोडून म्हणतोय, "साहब, मैं तो अभी पिरंगुट में खाली करके आ रहा हूँ। मैंने कुछ नहीं किया।"

"हा नाही," मी म्हणालो.

"बगा नीट. लाल हाय. टोपी बी हाय."

"तो जास्त लाल होता."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तात्यांना खोकला आला. बराच वेळ खोकत होते.

घरी आलो. बाबांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मी कधी गेलो?"

त्यांना खरं ते सांगितलं. ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "डंपर लालच कशाला?" आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेलो, तेवढ्यात सोसायटीभर झालं. अकरा वाजता खालच्या मजल्यावरचं जोडपं चेहरे पाडून दारात. हातात झाकलेलं भांडं. दार बाबांनीच उघडलं.

"या," बाबा म्हणाले. "माझ्यासाठीच आलात ना? बसा."

ती बाई भिंतीला टेकली हो! नंतर सावरली. भांड्यात पिठलं-भात होता. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून आणलेला. बाबांनी तो दुपारी खाल्ला आणि म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय. उद्या कोण येणार आहे?"

मला मात्र घास जाईना. रेवती रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, त्यांच्याकडून फोन आला का? तारखेचं काय झालं?" काय सांगणार? तुझ्या बापाने तुझ्या सासरच्या मारुतीचं लेकरू मारलं, वर ते लपवलं, म्हणून दहावा होईपर्यंत थांब, हे सांगणार? एकदा रात्री उठून बसलो. मंगलला म्हटलं, मी फोन करून सांगतो. ती म्हणाली, "करा." मी फोन हातात घेतला. मग वाटलं, आणि त्यांनी लग्नच मोडलं तर? ठेवला. असं चार रात्री झालं. मंगलने शेवटी उठायचंच सोडून दिलं.

दहावा उजाडला. ओढ्याकाठी अख्खा गाव. पंगतीची तयारी चाललेली, आणि बुंदीचं पातेलं घेऊन कोण हिंडतंय? तो डंपरवाला! तात्यांच्याच खोलीत भाड्याने राहतो म्हणे. इथे तरी मला शंका यायला हवी होती की नाही? नाही आली. चांगला आहे माणूस, असं वाटलं फक्त.

पिंड मांडला. सगळे लांब सरकून कावळ्याची वाट बघत बसले. माणूस गेल्यावर करतो ना आपण, तसंच. कावळा शिवला म्हणजे जाणाऱ्याची काही इच्छा राहिली नाही.

कावळा शिवेना!

पाच मिनिटं झाली, दहा झाली. तात्या म्हणाले, "कायतरी ऱ्हायलंय त्याचं. बोला कुनीतरी."

एक जण पुढे झाला. "लेकरा, शेंगा खाल्ल्यास तर आमी दगड मारनार न्हाई." कावळा ढिम्म. दुसऱ्याने हात जोडले, "माझ्या मक्यातला अर्धा तुमच्या टोळीचा." बायकोने त्याच्याकडे बघितलं. "चतकोर," तो म्हणाला. पिंडाजवळ केळं ठेवून झालं, गूळ-शेंगदाणे ठेवून झाले. ऊन डोक्यावर आलं आणि माझ्या डोक्यावर तर केसही नव्हते. कावळा बाभळीवर बसून सगळं बघत होता.

तात्या माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी बगा बोलून. तुमच्या हातचं पानी पिऊन गेलंय ते."

मी उठलो. पिंडापुढे गेलो. मागे सगळा गाव, माझे होणारे व्याही, तात्या.  डोळ्यांपुढे रेवती. मनात म्हटलं, पोरी, माफ कर. आणि हात जोडले.

"बाबा रे," मी म्हणालो, "लाल डंपर नव्हता. पांढरी गाडी होती, आणि ती मी चालवत होतो. मी घाबरलो आणि खोटं बोललो. मला माफ कर."

दोन पावलं मागे आलो. कावळा बाभळीवरून उतरला आणि थेट पिंडाला शिवला.

मी डोळे मिटून उभा. आता ओरडतील, आता अंगावर येतील, आता व्याही म्हणतील लग्न मोडलं. काहीच नाही. डोळे उघडले तर लोक पंगतीला बसायला निघाले होते!

"तात्या," मी चाचरत म्हणालो, "ऐकलंत ना मी काय म्हणालो?"

"ऐकलं की. त्यात नवं काय हाय? त्या दिशी आमी वर पाराव बसलो व्हतो. तुमी वळनावर आला तवापास्नं बगतुया. वानार मधी आलं, तुमी बिरीक मारला. तुमची चूक न्हवती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलायचं व्हतं. आमी रोज वाट बगितली."

"पण कावळ्याला कसं कळलं?"

तात्यांनी ओढ्यापलीकडे बसलेल्या एका म्हातारीकडे बोट केलं. "त्यो मगाच तीनदा येत व्हता. आमची आत्या पदर हालवून हाकलीत व्हती. तुमचं उरकलं, तिनं हात खाली घेतला."

 मी विचारलं, "आणि लग्न?"

"तारीख उद्या काढू. पोरगी सरळ हाय." तात्यांनी माझ्या टकलाकडे बघितलं. "तुमचं बगू हळूहळू."

मला भरून आलं हो. हसावं की रडावं कळेना. पाया पडलो त्यांच्या. आणि मग, काय दुर्बुद्धी सुचली, विचारलं, "तात्या, मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर काय केलं असतंत?"

"चुकून गेलेल्याला काय करत्यात? तुमी मारुतीम्होरं एक नारळ फोडायचा, हात जोडायचं, चहा पिऊन तारीख काढून घरी जायचं."

"एक नारळ?"

"एकच."

परतताना ते वळण मी अगदी सावकाश घेतलं. मग म्हणालो, "ऐनवेळी नारळ तरी कुठून आणला असता, नाही का?"

मंगल खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तारीख काढायला निघालो होतो आपण. डिकीत पाच होते."